वजनावर गेलेलं यंत्र

आमच्या अकोल्याच्या घरातलं कपडे धुण्याचं यंत्र मी २००९ साली भंगारवाल्याला विकलं. अम्मीला जाऊन वर्ष झालं होतं, अब्बा त्याआधीच गेले होते आणि मी नोकरीच्या निमित्तानं अमरावतीला स्थायिक झालो होतो. घर रिकामं करून द्यायचं होतं. भंगारवाल्यानं यंत्र आडवं पाडलं, मागचा पत्रा काढला, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, मोटर जळेल आहे. आता हे वजनाचं काम." मग त्यानं पाना लावून मागच्या अंगाचा एक पितळी नळ काढला आणि वेगळ्या पोत्यात टाकला. पितळेचा भाव वेगळा असतो. माझ्या हातात ३५० रुपये आले.

त्या पितळी नळाची गोष्ट मला आज सांगायची आहे. पण ती एकदम सांगितली तर एका घरापुरतीच राहील. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

जगात काही माणसं अशी आहेत, जी कपडे धुण्याची आणि वाळवण्याची जुनी यंत्रं जमवतात. नाणी जमवणारे आपण पाहिले आहेत, पोस्टाची तिकिटं जमवणारे तर घराघरांत असतात. पण कुणाच्या तरी न्हाणीघरातून निघालेलं, गंजलेलं, दोघांनाही न उचलणारं धूड हौसेनं घरी आणायचं, याला काय म्हणावं? मीही पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हसलोच होतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ईटन नावाचं लहानसं गाव आहे. तिथले ली मॅक्सवेल हे विद्युत अभियांत्रिकीचे निवृत्त प्राध्यापक. १९८५ साली पत्नीबरोबर प्रवासाला निघाले असताना त्यांनी कपडे धुण्याचं एक जुनं यंत्र विकत घेतलं. एकाची दोन झाली, दोनाची वीस झाली आणि होता होता हजारावर यंत्रं जमली. त्यासाठी मोठाली गोदामं उभी राहिली. मॅक्सवेल यांनी या यंत्रांच्या इतिहासावर एक पुस्तकही लिहिलं. त्या पुस्तकाच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, 'बायकांचे जीव वाचवा'. हे नाव वाचलं आणि माझं हसू थांबलं.

आपल्याकडे असं कुणी केलं आहे का? कपडे धुण्याच्या यंत्रांचं नाही. पण त्याच जातीचं काम फार मोठ्या प्रमाणावर झालं आहे, आणि ते एका कवीनं केलं आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६ चा. व्यवसाय चष्म्याचा आणि 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी जे संग्रहालय उभं केलं, ते आज राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून ओळखलं जातं. १९७५ साली त्यांनी ते महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. वीस हजारांहून अधिक वस्तू. पण त्यात काय आहे ते पाहा. अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी आणि टाचा घासायच्या वज्र्यासुद्धा! राजेरजवाड्यांच्या तलवारी सांभाळणारे पुष्कळ असतात. बाईनं टाच कशानं घासली, हे सांभाळून ठेवावं असं या माणसाला वाटलं. १९९० साली ते गेले. त्यांच्या मागं आज एखादा अडकित्ता पाहताना आपण विचारतो, याची मूठ अशी का केली असेल? कुणाच्या हातासाठी केली असेल?

जुनं यंत्र पाहतानाही हाच प्रश्न विचारायचा असतो. हे असं का केलं असेल? जमवणाऱ्या मंडळींना साधी, सरळ यंत्रं फारशी भुलवत नाहीत. त्यांना विचित्र यंत्रं हवी असतात. एखादा जास्तीचा दांडा, एखादा न कळणारा खटका, एखादं झाकण. कारण प्रत्येक विचित्र भागामागं कुणाची तरी एक नेमकी अडचण असते.

आता थोडं यंत्राबद्दल. मी बी.ए. झालेला माणूस, यंत्रातलं मला शिकलेल्या फिटरइतकं कळत नाही. पण अब्बा जिनिंगमध्ये फिटर होते, तेव्हा काही गोष्टी कानावरून गेल्या आहेत. कपडे धुणं म्हणजे काय, तर मळ सुटा करायचा, तो पाण्याबरोबर काढून टाकायचा आणि शेवटी कपडा पिळायचा. आपले हात हे काम तीन-चार तऱ्हांनी करतात. दगडावर आपटतात, मोगरीनं बडवतात, चोळतात, पाण्यात खळबळतात. जगातल्या यंत्रांनी या हातांचीच नक्कल केली आहे.

एक तऱ्हा रवीची. टाकीच्या मधोमध उभा दांडा, त्याला पंख, आणि तो अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे घेतो. ताक घुसळतात अगदी तसंच. अमेरिकेत ही तऱ्हा फार चालली. दुसरी तऱ्हा चकतीची. टाकीच्या भिंतीत किंवा तळाशी एक खाचांची चकती गरगर फिरते आणि पाण्याचा भोवरा करते. इंग्लंडमधून ही कल्पना जपानला गेली, १९५३ साली सान्यो कंपनीनं तिथं असं यंत्र आणलं आणि पुढं आपल्याकडच्या दोन टाक्यांच्या यंत्रांत हीच चकती आली. तिसरी तऱ्हा आडव्या पिंपाची. पिंप फिरतं, कपडे वर उचलले जातात आणि धपकन पाण्यात पडतात. म्हणजे आपला घाटावरचा दगडच, फक्त पत्र्याच्या पेटीत बसवलेला. यात पाणी सगळ्यात कमी लागतं.

ही कल्पना काही कालची नाही. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या याकोब शेफर यांनी १७६७ साली आपल्या धुण्याच्या यंत्राचं वर्णन छापून प्रसिद्ध केलं होतं. १८५१ साली अमेरिकेत जेम्स किंग यांनी हातानं फिरवायच्या पिंपाचं पेटंट घेतलं. म्हणजे वीज घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून माणसं या एका कामातून सुटका शोधत होती. त्यावरून ते काम किती जड असेल, याचा अंदाज करा.

आता विचित्र भागांकडे येऊ. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात न्यूटन गावी मेटॅग नावाची कंपनी होती. मुळात ती मळणीयंत्राचे भाग करायची. शेतीच्या अवजारांचा धंदा हंगामी. आपल्याला वऱ्हाडात हे सांगायला नको. सीझन संपला की कारखाना रिकामा. त्या रिकाम्या महिन्यांत काय करायचं म्हणून १९०७ साली त्यांनी कपडे धुण्याचं यंत्र काढलं. पण गिऱ्हाईक शेतकरी आणि शेतावर वीज नाही. १९३५ च्या सुमारालासुद्धा अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. मग त्यांनी यंत्राच्या पोटाखाली पेट्रोलचं लहानसं इंजिन बसवलं. बाईनं पायानं किक मारायची, इंजिन फटफटायला लागायचं आणि धुराची लवचीक नळी दाराबाहेर नाहीतर खिडकीबाहेर सोडायची. डोळ्यांपुढं आणा. आपल्याकडं ज्या काळी फटफटी हे पुरुषाचं वाहन होतं, त्याच्याही आधी तिकडे एक शेतकरीण किक मारून धुणं धूत होती.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. इंजिन आहेच, तर त्याच्याकडून आणखी कामं का करून घेऊ नयेत? म्हणून त्या यंत्रावर बसवायला लोणी काढायचं भांडं आलं, खिमा करायचा चरखा आला. आज पंजाबातल्या काही ढाब्यांवर धुण्याच्या यंत्रात लस्सी घुसळतात, त्याला आपण हसतो. अमरावतीत आमच्या ओळखीच्या एका काकूंनी वाळवणाच्या दिवसांत बटाट्याचा कीस स्वच्छ कापडी पिशवीत बांधून यंत्राच्या पिळणीत फिरवला होता, त्यालाही गल्ली हसली होती. पण रवी ती रवी आणि पिळणी ती पिळणी. कारखानदाराच्या आणि काकूंच्या डोक्यात एकच विचार आला, एवढंच.

पिळण्याची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. जुन्या यंत्रांच्या डोक्यावर दोन रबरी लाट्या असायच्या, आपल्या उसाच्या रसाच्या चरकासारख्या. ओला कपडा एकीकडून घालायचा, दुसरीकडून पिळून निघायचा. वीज आल्यावर या लाट्या आपोआप फिरू लागल्या आणि कपड्याबरोबर बोटं, हात, कधी केसही आत जाऊ लागले. मग लाट्यांच्या वर एक आडवी पट्टी आली. ती दाबली की लाट्या एकदम सुट्या व्हायच्या. संग्रहातल्या यंत्रावर ती पट्टी दिसली की समजावं, ती बसवायच्या आधी किती जणींचे हात चिरडले असतील.

पुढची यंत्रं एकाहून एक नवलाची. १९३७ साली बेंडिक्सचं आपोआप चालणारं यंत्र आलं. कपडे टाका आणि निघून जा. पण ते एवढं हादरायचं, की जमिनीत बोल्टनं ठोकून बसवावं लागायचं. फ्रिजिडेअरनं रवी फिरवायच्या ऐवजी वरखाली नाचवली, मुसळासारखी. थॉर कंपनीनं १९४० च्या दशकात असं यंत्र काढलं, की टाकी बदलली की त्यातच भांडी घासून निघत. कल्पना चांगली होती, पण ज्या यंत्रात मुलांचे लंगोट धुतले त्यात जेवणाची ताटं धुवायला किती घरं तयार होणार? जनरल इलेक्ट्रिकनं १९६० च्या दशकात मोठ्या टाकीत बसेल अशी छोटी टोपली दिली. दोन-चार नाजूक कपड्यांसाठी सगळी टाकी भरायला नको. इंग्लंडच्या हूवरनं त्याच दशकात एका यंत्राला प्लॅस्टिकची चौकोनी किल्ली दिली. तिच्या कडांना खाचा. सुती कपड्यांसाठी एक कड आत घालायची, लोकरीसाठी दुसरी. बटणं वाचून गोंधळणाऱ्या बाईला किल्ली फिरवणं सोपं जाईल, हा हिशेब.

आता वाळवण्याच्या यंत्राकडे वळू. आपल्या वऱ्हाडात ड्रायर म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा गच्चीवरच्या वलणीवर टाकलेला कपडा दुसरा टाकेपर्यंत वाळतो. पण ज्या देशांत महिनोन् महिने बर्फ, तिथं वाळवणार कुठं? १८९२ साली जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकानं चुलीच्या उष्णतेवर कपडे वाळवायच्या चौकटीचं पेटंट घेतलं. पुढं नॉर्थ डकोटाच्या कडाक्याच्या थंडीत आईला बाहेर कपडे वाळत घालावे लागू नयेत म्हणून रॉस मूर नावाच्या गृहस्थानं पिंपाचा ड्रायर करून पाहिला आणि १९३८ च्या सुमाराला हॅमिल्टन कंपनीनं तो बाजारात आणला. ब्रुक्स स्टीव्हन्स या आरेखनकारानं त्याच्या दाराला काच बसवायला सांगितली. आत रंगीत कपडे गोल गोल फिरताना दिसले, की दुकानात माणूस थांबतो!

संग्रह करणाऱ्यांना ड्रायरमधल्या दोन गमती फार आवडतात. एक म्हणजे गाणारा ड्रायर. १९५० च्या दशकात वेस्टिंगहाउसच्या काही ड्रायरमधून कपडे वाळले की एक लोकप्रिय चाल वाजायची. दुसरी गंमत दिव्याची. काही ड्रायरमध्ये अतिनील किरणांचा एक लहानसा दिवा असायचा. त्यानं थोडा ओझोन तयार व्हायचा आणि कपड्यांना उन्हात वाळल्यासारखा वास येतो, अशी जाहिरात व्हायची. हे वाचलं तेव्हा मी आमच्या गच्चीवर गेलो आणि वलणीवरची चादर नाकाशी धरली. जो वास आपण फुकट नेतो, तो विकत घेण्यासाठी कुणाला यंत्रात दिवा बसवावा लागला. म्हणजे ऊन गेलं होतं, पण उन्हाच्या वासाची आठवण गेली नव्हती.

आणि आता त्या नळाकडे येतो.

१९५० आणि ६० च्या दशकांतल्या काही अमेरिकन यंत्रांना एक जास्तीची नळी असायची. तिचं नाव 'सड्स सेव्हर', म्हणजे साबणाचं पाणी राखून ठेवणारी. त्या घरांत धुण्याच्या जागी सिमेंटच्या दोन कुंड्या असत. पहिल्या फेरीत पांढरे, कमी मळलेले कपडे धुवायचे. ते झाले की यंत्र साबणाचं कढत पाणी नालीत न सोडता एका कुंडीत ओतायचं. गाळ तळाशी बसायचा. दुसऱ्या फेरीला यंत्र तेच पाणी वरच्यावर परत ओढून घ्यायचं आणि त्यात रंगीत कपडे धुतले जायचे. साबण वाचला, तापवलेलं पाणी वाचलं. पुढं पाणी-साबण स्वस्त वाटू लागले, आपोआप चालणाऱ्या यंत्रांत ही भानगड नको झाली आणि ती नळी मागं पडली. आज ती ज्या यंत्राला असेल, त्याला जमवणारे लोक जास्त मान देतात.

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. कारण ही नळी मी पाहिली होती. आमच्या घरात. अमेरिकेचं नावही न घेता.

१९८० च्या दशकाच्या अखेरीला आपल्या शहरांत कपडे धुण्याची यंत्रं दिसू लागली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात वाढलेल्या व्हिडिओकॉननं टीव्हीवर त्यांची एवढी जाहिरात केली, की पोरांना ती पाठ झाली होती. त्या कंपनीवर २०१८ साली दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, ती पुढची गोष्ट. आमच्या घरी यंत्र आलं १९९१ साली, मी बी.ए. झालो त्या वर्षी. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. दोन टाक्या, एक धुवायची, एक पिळायची. मोहल्ल्यातलं पहिलं. त्या दिवशी आमच्या अंगणात जत्रा भरली होती. पण पाणी भरता भरता बादल्या संपल्या. शेजारच्या ताई म्हणाल्या, "भाभी, तुमचं मशीन तं म्हशीवानी पानी पेते!" अम्मी म्हणाली, "पिऊ द्या ताई. मी तिच्याकडून परत काढून घेईन."

अकोल्याचं पाणी काटेपूर्णेच्या धरणातून येतं. उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येईल याचा नेम नसायचा. विहिरीचं पाणी घ्यावं तर पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा प्रसिद्ध आहे. खाऱ्या, जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट चिकट साय धरते. म्हणजे गोड पाणी थोडं आणि त्यातलं साबण लागलेलं पाणी तर सोन्यासारखं. ते यंत्र एका खटक्यासरशी नालीत सोडून द्यायचं. अम्मीला ते बघवेना. ती अब्बांना म्हणाली, हे पाणी अडवायचं काहीतरी करा.

अब्बांनी जिनिंगमधून रजा घेतली. यंत्राच्या मागच्या नळीला जोड दिला आणि तिथं एक पितळी नळ बसवला. नळ बंद असला की पाणी नालीत. उघडला की मोरीतल्या पिंपात. पहिल्या फेरीत जुम्म्याचे पांढरे कुडते, टोप्या, शाळेचे सदरे. त्याचं पाणी पिंपात. तासाभरात गाळ खाली बसायचा. वरचं पाणी बादलीनं परत टाकीत. दुसऱ्या फेरीत रंगीत. तेच पाणी पुन्हा पिंपात. तिसऱ्या फेरीत पायपुसणी आणि अब्बांचे तेलकट कपडे. शेवटी उरलेल्या काळ्या पाण्यानं मोरी आणि अंगण. एका यंत्राच्या पाण्यात चार कामं व्हायची. पुढं मोहल्ल्यात आणखी दोन यंत्रं आली, त्यांनाही अब्बांनी असे नळ बसवून दिले.

म्हणजे अमेरिकेतल्या अभियंत्यांनी कारखान्यात बसून जे काढलं, ते अकोल्याच्या एका मोरीत एका बाईच्या हट्टातून आणि एका फिटरच्या पान्यातून पुन्हा निघालं. तिकडचं यंत्र आज कुठल्या तरी संग्रहात पुसून-पासून ठेवलेलं असेल, त्याच्याजवळ त्याची माहिती लिहिलेली असेल. इकडचं मी साडेतीनशे रुपयांत वजनावर घातलं. मोटर जळली होती हे खरं. पण मोटर कुठंही मिळते. तो नळ कुठं मिळणार?

यंत्रानं बायकांची सुटका झाली का, हा प्रश्नही या निमित्तानं विचारायला हवा. रूथ श्वार्ट्‌झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली एक पुस्तक लिहून दाखवून दिलं, की घरात यंत्रं आली तरी बाईचं काम फारसं कमी झालं नाही. आठवड्यानं बदलायचे कपडे लोक रोज बदलू लागले, बाहेर धुवायला जाणारे कपडे घरातच धुतले जाऊ लागले. आमच्याकडेही हेच झालं. यंत्र येण्याआधी चादरी परीटदादा न्यायचे. बिब्ब्याच्या रसानं कोपऱ्यात त्यांची खूण असायची. ती कधी निघायची नाही आणि शेकडो चादरींतून आमची चादर बरोबर घरी यायची. यंत्र आलं आणि त्या चादरी अम्मीच्या वाट्याला आल्या. परीटदादांचं एक घर तुटलं, ते वेगळंच. ज्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परिटाच्या घरात १८७६ साली गाडगेबाबा जन्मले, त्या मुलखात धुणाऱ्या हातांची आठवण ठेवायला दुसऱ्या कुणी सांगायला नको. पण बिब्ब्याची खूण असलेली एखादी चादर, कोळशाची इस्त्री, परिटाची भट्टी आपण कुठं जपून ठेवली आहे?

म्हणून माझं एक सांगणं आहे. सगळ्यांनी यंत्रं जमवावीत असं मी म्हणत नाही. आपल्या घरांत माणसांना जागा नाही. पण एखाद्या शाळेनं, कॉलेजनं, गावातल्या वाचनालयानं एक कोपरा करायला काय हरकत आहे? मोगरी, घंगाळ, इस्त्री आणि दोन टाक्यांचं एखादं यंत्र. जागा एका टेबलाएवढी लागेल.

हे करताना काही गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली म्हणजे, यंत्र नवं दिसावं म्हणून त्याच्यावरच्या दुरुस्त्या काढून टाकायच्या नाहीत. वायरीनं बांधलेलं झाकण, सायकलच्या ट्यूबची पट्टी, दुसऱ्याच यंत्राचं बटण, हाच तर त्याचा इतिहास. दुसरी म्हणजे, ज्या बाईनं ते वापरलं तिला विचारायचं आणि ती सांगेल ते लिहून ठेवायचं. कोणत्या वारी धुणं असायचं, पाणी कुठून यायचं, पहिल्या फेरीत काय आणि शेवटी काय. यंत्र दहा वर्षांनीही मिळेल, सांगणारी मिळेलच असं नाही. पावती, माहितीपुस्तक, गॅरंटीचा कागद सापडला तर त्याच्याबरोबरच ठेवायचा. तिसरी गोष्ट जिवाची. जुनं यंत्र घरी आणून लगेच प्लग लावायचा नाही. रबर वाळलेलं असतं, वायरींचं कवच गेलेलं असतं, अर्थिंगचा पत्ता नसतो. मोटरजवळ कपॅसिटर नावाचा एक डबा असतो, प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहू शकतो. जाणकार इलेक्ट्रिशियनशिवाय मागचा पत्रा उघडायचा नाही. परदेशातल्या काही जुन्या ड्रायरमध्ये ॲस्बेस्टॉसही असतं, ते खरवडायचं नाही. आणि यंत्र टाकायचंच असेल, तर ते ई-कचऱ्यात मोडतं. नोंदणी असलेल्या केंद्राकडं द्यावं, म्हणजे तांबं काढण्यासाठी कुणी उघड्यावर वायरी जाळणार नाही.

माझ्याकडं आता एक यंत्र आहे. संग्रह म्हणायला एकच. अचलपूरच्या माझ्या खालांनी दिलेलं. त्याच्या पिळणीचं झाकण फुटलं तेव्हा खालूंनी त्यावर सागवानी पाट बसवला. त्या पाटावर बसून खाला भाजी निवडायच्या, म्हणून त्याची एक कड घासून गुळगुळीत झाली आहे. यंत्र चालत नाही. व्हरांड्यात उभं आहे. त्याला एक कार्ड बांधलं आहे आणि त्यावर खालांनी सांगितलं तसंच लिहून ठेवलं आहे.

मध्यंतरी इतवारा बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगाऱ्यात एक पितळी नळ दिसला. हातात घेऊन पाहिला. आमचा नव्हता. असता तरी मी ओळखला असता का, हे मला सांगता येत नाही, कारण घरात होता तेव्हा मी त्याच्याकडं कधी नीट पाहिलंच नव्हतं.

तुमच्याकडं असं एखादं यंत्र भंगारात निघालं असेल, तर देण्याआधी ते एकदा मागून पाहून घ्या. तिथं कुणी काही जोडलेलं असेल तर ते कुणी आणि का जोडलं, हे घरात विचारा. सांगणारं माणूस अजून घरात असेल तर आजच विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)